छापील सुती कापडाचा शर्ट-ड्रेस : इतिहास आणि बेत

शर्टाची कॉलर, गळ्यापासून घेराच्या टोकापर्यंत उतरणारी बटणपट्टी, कमरेशी एक आडवी शिवण आणि तिच्याखाली चुण्यांचा घेर, अशा पोशाखाला शर्ट-ड्रेस म्हणतात. आपल्याकडे मुली त्याला ‘लाँग फ्रॉक’ किंवा नुसते ‘वनपीस’ म्हणून मोकळ्या होतात. पण फ्रॉक पाठीमागून बंद होतो, तो घालताना दुसऱ्याची मदत लागते. शर्ट-ड्रेस पुढून बंद होतो, म्हणून तो ज्याचा त्याला घालता येतो. या एका फरकात बराच इतिहास दडलेला आहे आणि म्हणूनच इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारखीला शिवणकामावर लिहावेसे वाटले.

स्मरणिकेत शिवणाचा पाठ कशासाठी, असे काही माजी विद्यार्थी विचारतील. आपल्या घरांमधून पायमशीनने किती फिया भरल्या, किती वह्या-पुस्तके आणली, याची आठवण ज्यांना आहे ते विचारणार नाहीत. खालचा पाठ मुलामुलींनी दोघांनीही वाचावा. कातर हाती धरण्याला लिंग नसते. गावोगावचे बहुतेक शिंपी पुरुषच असताना शाळेत मात्र शिवण केवळ मुलींना शिकवायची, ही प्रथा मला कधीच पटली नाही.

चीट नावाचे कापड

आधी कापड. ज्याला आज आपण ‘प्रिंटेड कॉटन’ म्हणतो त्याला आपल्या आज्या चीट म्हणत. चिटाचा परकर, चिटाचे पोलके हे शब्द अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. हाच भारतीय शब्द युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘चिन्ट्झ’ झाला. कालिकत बंदरावरून ‘कॅलिको’ हे नाव पडले ते साध्या सुती कापडाला. ज्या पाहुण्या शब्दांचे आपल्याला आज अप्रूप वाटते, त्यातले काही आपल्याच घरातून बाहेर पडलेले असतात.

कापूस पिकविणे, कातणे आणि रंगविणे या भूमीत फार जुने आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष सापडले आणि त्यावर मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीचा तांबडा रंग असल्याचे तपासणीत आढळले. म्हणजे सुताला पक्का रंग चढविण्याची विद्या येथे चार हजार वर्षांपूर्वीही होती. ही विद्या वाटते तितकी सोपी नाही. सुती धाग्यावर वनस्पतीचा रंग सहसा टिकत नाही, पहिल्या धुण्यातच उतरतो. त्याला धरून ठेवणारा मध्यस्थ लागतो. तुरटीचे पाणी लावलेल्या जागी मंजिष्ठेचा रंग लाल चढतो, लोखंडाचे पाणी लावलेल्या जागी तोच रंग काळपट होतो आणि जेथे काहीच लावलेले नाही तेथला रंग धुऊन आणि उन्हात वाळवून काढून टाकता येतो. एकाच भांड्यात बुडविलेले कापड अशा रीतीने दोन-तीन रंगांचे होऊन बाहेर येते. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजविणे, मग लाकडी ठशाने तुरटी व लोखंड उमटविणे, मग उकळणे, मग नदीत धुणे, असा तो लांबलचक क्रम आहे. निळीची रीत वेगळी. निळा रंग नको असेल तेथे मेण किंवा चिखलासारखा लेप देऊन कापड निळीत बुडवितात. मछलीपट्टणमची कलमकारी, राजस्थानातील सांगानेर आणि बगरू, कच्छमधील अजरख हे सारे याच विद्येचे वारसदार आहेत. ही विद्या ज्यांच्या हातात होती त्या रंगाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही बखरीत नाहीत.

सतराव्या शतकात ही चीट जहाजांनी युरोपात पोहोचली आणि तेथे तिने खळबळ उडविली. लोकरीचे जाड कपडे घालणाऱ्या आणि ते क्वचितच धुणाऱ्या समाजाला हलके, धुतले तरी रंग न सोडणारे, फुलापानांनी भरलेले कापड मिळाले. ते दरबारातल्या स्त्रियांनी नेसले, तसेच घरकाम करणाऱ्या मोलकरणींनीही अंगावर घातले. मालकिणीचे आणि मोलकरणीचे कापड दुरून सारखेच दिसू लागले. हे पुष्कळांना खुपले आणि लोकरीच्या व रेशमाच्या विणकरांचा धंदाही बसला. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७०० मध्ये आयातीवर बंधने आणली आणि १७२१ च्या कायद्याने असे कापड वापरणे हाच गुन्हा ठरविला. त्याच्या दोन वर्षे आधी, १७१९ मध्ये, लंडनच्या रस्त्यांवर संतापलेल्या विणकरांनी चिटाचे झगे घातलेल्या स्त्रियांवर हल्ले केले, त्यांचे कपडे अंगावरच फाडले, त्यांवर शाई ओतली. विणकर उपाशी होते हे खरे. पण उपासमारीचा राग व्यापाऱ्याच्या कोठारावर न निघता रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या कपड्यावर निघाला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणी काय ल्यावे आणि काय लेऊ नये, याचे नियम करणारे समाज जगात सगळीकडे आहेत.

बंदीच्या काळात युरोपातील कारखानदारांनी आपली विद्या उचलली. थॉमस बेल याने १७८३ मध्ये तांब्याच्या कोरीव रुळांनी कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ठसे मारणाऱ्या अनेक हातांचे काम एक यंत्र करू लागले. मग उलटा प्रवास सुरू झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांचे छापील कापड आपल्या बाजारांत आले आणि येथला रंगारी व विणकर देशोधडीला लागला. आपण दुकानात ‘मस्त प्रिंट आहे’ म्हणून जे कापड उचलतो त्याच्या पाठीवर हा सगळा प्रवास आहे.

शर्ट बायकांच्या अंगावर कसा आला

हा पोशाख मूळचा अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मुली कचेऱ्यांत टंकलेखक, दुकानांत विक्रेत्या, शाळांत शिक्षिका म्हणून कामाला जाऊ लागल्या. मागे दोऱ्यांनी आवळायचे, आत हाडांच्या पट्ट्या असलेले कपडे घालून हे काम होणे शक्य नव्हते. त्यांनी पुरुषांच्या शर्टाच्या धर्तीवर शिवलेला, पुढे बटणे असलेला सुती ब्लाउज आणि साधा लांब स्कर्ट असा वेष धरला. या ब्लाउजाला ‘शर्टवेस्ट’ म्हणत. पुढे ब्लाउज आणि स्कर्ट कमरेशी जोडले गेले, तेव्हा शर्टवेस्ट-ड्रेस झाला; त्याचेच आजचे छोटे नाव शर्ट-ड्रेस.

मोकळ्या झालेल्या बाईचा हा कपडा कोण शिवत होते, हे मात्र पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या कारखान्यांत युरोपातून नुकत्याच आलेल्या गरीब ज्यू आणि इटालियन कुटुंबांतील मुली तो शिवत होत्या, पुष्कळशा विशीच्या आतल्या. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी तेथील कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची भाषणे लांबत चालली असताना क्लारा लेमलिच ही तेवीस वर्षांची कामगार मुलगी व्यासपीठावर गेली आणि तिने आपल्या यिडिश भाषेत सरळ संपाचा ठराव मांडला. सुमारे वीस हजार कामगार संपावर गेले. अनेक मालक नमले. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने संघटनेला मान्यता दिली नाही.

त्याच कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, सुटी होण्याच्या सुमारास आठव्या मजल्यावर आग लागली. बेतण्याच्या टेबलांखाली पातळ सुती कापडाच्या चिंध्यांचे ढीग साठलेले होते. ठिणगी त्यांतच पडली. वर टांगलेले कागदी बेत पेटले. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. कामगार कापड चोरतील, म्हणून ते तसे ठेवलेले असे. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. १४६ माणसे मेली; त्यांत १२३ स्त्रिया आणि मुली होत्या. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

रस्त्यावर जमलेल्या गर्दीत फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुण समाजसेविका होती. वरून उड्या टाकणाऱ्या मुली तिने डोळ्यांनी पाहिल्या. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामात ती होती. दारे बाहेरच्या बाजूने उघडणारी असावीत, ती कामाच्या वेळेत कुलूपबंद नसावीत, चिंध्या साठू देऊ नयेत असे नियम त्यातून आले. पुढे १९३३ मध्ये ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली, त्या देशाच्या मंत्रिमंडळातील पहिली स्त्री. तिने कोलंबिया विद्यापीठातून १९१० साली एम. ए. केले होते. आपल्या वाचकांना हे नाव ओळखीचे आहे. आगीनंतर दोनच वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरात, त्याच विद्यापीठात दाखल झाले आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. कारखान्यातील कामाचा आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. पर्किन्स आणि बाबासाहेब यांची भेट झाली की नाही, हा येथे मुद्दा नाही. कारखान्यात शिवण करणाऱ्या माणसाच्या जिवाला किंमत असली पाहिजे, हा विचार दोन देशांत साधारण एकाच पिढीत कायद्यात उतरला.

तो सगळीकडे उतरला असे मात्र नाही. ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या बहुतेक जणी शिवणकामगार होत्या. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. तयार कपडा इतका स्वस्त कसा, या प्रश्नाचे एक उत्तर त्या ढिगाऱ्याखाली आहे.

याच पोशाखाची दुसरी, घरगुती बाजूही सांगितली पाहिजे. १९३० च्या मंदीत अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांकडे कापडाला पैसे नव्हते. पीठ आणि जनावरांचे खाद्य तेव्हा सुती पोत्यांत येई. बायकांनी ती पोती उसवून, धुऊन कपडे शिवले. गिरणीवाल्यांच्या हे लक्षात आले तेव्हा ते फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या छापील कापडाची पोती काढू लागले आणि कंपनीचे नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईने छापू लागले. एका बाईच्या अंगाला साधारण तीन पोती लागत. तिन्ही एकाच छापाची हवीत, म्हणून खाद्य आणायला गेलेल्या नवऱ्याला नमुना दाखवून पाठविले जाई. साखरेच्या पोत्याच्या पिशव्या आणि खताच्या गोणीच्या सतरंज्या पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

कापडाची निवड

आता बेताकडे येऊ. उन्हाळी कपड्याला शुद्ध सुती कापडच घ्यावे. सूत घाम शोषते आणि तो वाऱ्यावर उडू देते. पॉलिस्टर मिसळलेले कापड चुरगळत नाही, पण अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याचा अंगाला चटका बसतो. पॉपलिन घट्ट विणीचे असते, त्यात कॉलर छान उभी राहते आणि नवशिक्याच्या हातातून ते सरकत नाही. केंब्रिक त्याहून मऊ. मलमल आणि व्हॉइल फार पातळ. त्यांना अस्तर लागते आणि पहिल्या प्रयत्नाला ती घेऊ नयेत. दुकानदार चिमूट सोडून ‘प्युअर कॉटन’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. कडेचे चार धागे काढून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

छाप गमतीचा हवा, असे मुली म्हणतात, आणि का असू नये? पोपट, लिंबे, छत्र्या, सायकली, मासे, काहीही चालेल. गणवेषात वर्षे काढलेल्या मुलीला अंगावर एखादी सायकल मिरवावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. एवढेच पाहावे की चित्राला वर-खाली दिशा आहे काय. पोपट सगळे एकाच दिशेने डोके वर करून बसले असतील तर कापड आडवे दुमडून बेतता येत नाही. एका थरातले पोपट उलटे लटकतात. असे कापड उभेच दुमडावे आणि अर्धा मीटर जास्त घ्यावे. वितीएवढी मोठी चित्रे टाळावीत, कारण ती नेमकी नको त्या जागी येतात. हाताच्या ठशाचे कापड असेल तर जेथे दोन ठसे भेटतात तेथे किंचित सरकलेले दिसेल. तो दोष नव्हे. तेथे माणसाचा हात थांबला होता.

चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे तीन मीटर कापड मध्यम बांध्याला पुरते. बेतण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवावे. सुती कापड आटतेच. ते कापड असताना आटले तर नुकसान नाही, कपडा झाल्यावर आटले तर बटणे लागत नाहीत. ओल्या कापडाचा कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून रंग उतरतो काय तेही पाहावे. पिळू नये, सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करावी.

मापे आणि बेत

मापे दुसऱ्याकडून घ्यावीत. स्वतःचे माप घेताना माणूस वाकतो आणि माप चुकते. उदाहरणासाठी छाती ३४, कंबर २८, पूर्ण खांदा १४, मानेच्या हाडापासून कंबर १५ आणि पूर्ण उंची ४२ इंच अशी मापे धरू. सर्व तुकड्यांना अर्धा इंच माया वेगळी धरावी. माया म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड. शिंप्याच्या बोलीतला हा शब्द किती सुंदर आहे, हे भाषेच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

छातीला चार इंच सैलपणा दिला की ३८ होतात, त्याचा चौथा भाग साडेनऊ. मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या भागातून अर्धा इंच वजा करून आठ. गळ्याची रुंदी पावणेतीन, पुढची खोली तीन, मागची पाऊण इंच. खांद्याचा अर्धा भाग सात इंच, उतार सव्वा इंच. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच अधिक कोरावा, कारण हात पुढे हलतात. कमरेपाशी बाजूची शिवण पाऊण इंच आत घ्यावी आणि तेवढाच पाऊण इंचाचा टक्स प्रत्येक तुकड्याला घालावा. म्हणजे कमरेला एकूण ३२ इंच होतात. उन्हाळ्यात कमरेला चार इंच हवा खेळली पाहिजे. छातीला उभार असेल तर पुढचा तुकडा बाजूला एक इंच लांब ठेवून ते जादा माप काखेखालच्या टक्सात घ्यावे.

बटणपट्टीचे गणित नीट समजून घ्यावे, येथेच बहुतेकांचे बिघडते. पट्टी दीड इंचाची धरली तर पुढच्या मधल्या रेषेच्या पलीकडे पाऊण इंच, आत दुमडायला दीड इंच आणि कच्ची कड लपवायला पाव इंच, असे एकूण अडीच इंच कापड जास्त हवे. बटण मधल्या रेषेवर येते, पट्टीच्या कडेवर नव्हे. छाप जुळवायचा असेल तर उजवा तुकडा आधी कापावा, त्याची पट्टी दुमडावी आणि तो न कापलेल्या कापडावर असा ठेवावा की पोपटाचे अर्धे अंग दुसऱ्या अर्ध्याला मिळेल. मग डावा कापावा. स्त्रियांच्या कपड्यात उजवी बाजू वर येते, काजे उजवीकडे आणि बटणे डावीकडे.

घेरासाठी कापडाच्या पूर्ण पन्ह्याचे दोन पट्टे साडेएकोणतीस इंच लांबीचे कापावेत : सत्तावीस इंच उंची, दोन इंच खालची दुमड, अर्धा इंच माया. एक पट्टा उभा मधोमध कापला की पुढचे दोन भाग होतात. मागच्या पट्ट्याची एक बाजू सहा इंच कमी करावी, नाहीतर पाठीला चुण्यांचा ढीग होतो. निघालेली पट्टी कॉलरला उपयोगी पडते. बाही आठ इंचांची, माथा चार इंच उंच. माथ्याची गोलाई मोजून ती मुंढ्यापेक्षा अर्धा इंचच अधिक ठेवावी.

आणि खिसे. ते पांढऱ्या साध्या पॉपलिनचे घ्यावेत, म्हणजे छापील कापडातून दिसत नाहीत. हात मनगटापर्यंत आत जाईल एवढे खोल हवेत. बायकांच्या तयार कपड्यांना खिसा नसतो किंवा नावापुरता असतो. रुमाल, पैसे, एसटीचा पास, पेन हे सगळे हातात किंवा छातीशी धरून का चालायचे? स्वतः शिवलेल्या कपड्याचा पहिला फायदा मला तरी हा वाटतो.

शिवण्याचा क्रम

मशीनला पॉपलिनसाठी चौदा नंबरची सुई, पातळ कापडाला अकरा. नवीन कापडाला नवीन सुई लावावी. इंचात दहा ते बारा टाके पडतील अशी टीप ठेवावी आणि आधी चिंधीवर मारून पाहावी.

एक सूत्र ध्यानात ठेवले की सारे सोपे जाते : कपडा सपाट असताना जितके शिवता येईल तितके शिवून घ्यावे. म्हणून आधी टक्स. मग घेराच्या वरच्या कडेला लांब टाक्यांच्या दोन ओळी मारून बॉबिनचे धागे ओढावेत आणि चुण्या सारख्या कराव्यात. पुढच्या भागांत मधल्या बाजूच्या कच्च्या कडेपासून सव्वातीन इंच चुणी घालू नये, ती जागा बटणपट्टीची आहे. आता प्रत्येक पुढचा वरचा भाग आपापल्या घेराला कमरेत जोडावा, मागचा मागच्याला. चुण्यांची बाजू वर ठेवून टीप मारली तर त्या वेड्यावाकड्या दबत नाहीत. त्यानंतर गळ्यापासून खालपर्यंत एकसलग बटणपट्टी दुमडून टीप मारावी. आत फ्यूजिंगची पट्टी चिकटविली तर काजे ताणत नाहीत. कमरेच्या शिवणीची माया पट्टीच्या आत येते तेथे छाटून पातळ करावी.

मग खांदे जोडावेत आणि कॉलर चढवावी. कॉलरचे आतले कापड वरच्यापेक्षा सुताभर लहान कापले तर शिवण आपोआप खाली वळते. टोके उलटविण्यापूर्वी कोपऱ्याची माया तिरपी कापावी आणि टोक बाहेर काढायला बोथट काडी वापरावी. कातरीचे टोक वापरले तर भोक पडलेच समजा. कॉलर आधी तिच्या उभ्या पट्टीत बसवावी. या पट्टीची लांबी बटणपट्टीसह संपूर्ण गळ्याएवढी असते, कॉलर मात्र मधल्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंतच. पट्टी गळ्याला लावताना गळ्याच्या मायेला जागोजाग बारीक छेद द्यावेत, टिपेच्या अलीकडे थांबून. आतली कड हाताने तुरपावी. मशीनने घाई केली की समोर वाकडी टीप दिसते.

बाह्या सपाट मुंढ्यातच जोडाव्यात. घेराच्या बाजूंना, कमरेखाली दोन इंचांवर, खिशाचे तुकडे लावावेत. मग बाहीच्या तोंडापासून काखेतून, कमरेवरून, खिशाला वळसा घालून थेट खालपर्यंत एकच लांब शिवण. हा क्षण मुलींना फार आवडतो, कारण येथपर्यंत ती चार-पाच फडकी असतात आणि उलटविल्यावर एकदम कपडा होतो. कच्च्या कडांना ओव्हरलॉक नसेल तर माया दुमडून टीप मारावी.

खालची दुमड लगेच करू नये. कपडा रात्रभर हँगरला टांगावा. घेर आपल्या वजनाने कुठे कुठे उतरतो. सकाळी अंगावर घालून जमिनीपासून फूटपट्टीने सारखे माप घ्यावे, मग दुमडावे आणि तुरपावे.

काजांसाठी पहिली खूण छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी करावी, वरून मोजत येऊ नये. तेथे बटण नसेल तर पट्टी फाकते आणि दिवसभर लक्ष तिकडेच राहते. त्या खुणेपासून वर-खाली सव्वातीन इंचांच्या अंतराने खुणा कराव्यात. कमरेच्या जाड शिवणीवर काज बसत नाही, तेथे आतून टिचबटण लावावे. कॉलरच्या पट्टीवरचे काज आडवे, बाकीची उभी. शेवटचे बटण खालच्या कडेच्या पाच इंच वर थांबावे, म्हणजे जिना चढता येतो. एकूण साधारण बारा बटणे लागतात. चौदा घ्यावीत आणि दोन आतल्या शिवणीला टाचून ठेवावीत. हाताने काजे करायला वेळ नसेल तर तालुक्याच्या गावी काज-बटण करून देणारे असतात. त्यांच्याकडे नेण्यापूर्वी खुणा मात्र आपणच कराव्यात. काज फोडताना दोन्ही टोकांना टाचणी आडवी लावली तर कातर पुढे घसरत नाही.

पहिली दोन-तीन धुणी वेगळी, उलटी बाजू बाहेर ठेवून आणि सावलीत वाळवून करावीत. राहिल्या त्या चिंध्या. काम संपताच त्या मशीनच्या पायाखालून आणि इस्त्रीच्या टेबलाजवळून गोळा करून पिशवीत भराव्यात. वितीहून मोठे तुकडे गोधडीला ठेवावेत, बोटभर पट्ट्यांचा गोट होतो, बाकीचे सारे उशीत.